गडग्यातला एक चिरा

दादूच्या पडवीतल्या एका खेळामुळे दोन घरांच्या मध्ये पुरुषभर उंच दगडी गडगा उभा राहिला, हे बाहेरच्या माणसाला सांगितलं तर तो हसेल. हसू दे बापडा. सावित्रीला त्या गडग्याने चार महिने रडवलं, आणि रडून झाल्यावर तिने काय केलं त्याची ही गोष्ट आहे.

दादू म्हणजे सावित्रीच्या नवऱ्याचा, महिपतचा, चुलतभाऊ. उमेदीची तीस वर्षं बोटीवर काढली. परक्या बंदरात उतरलं की बाकीचे खलाशी बाजारात जायचे, आणि हा कुठेतरी एखादं खेळाचं यंत्र शोधून त्याच्यासमोर ठाण मांडायचा. निवृत्त होऊन हातखंब्याजवळच्या आपल्या वाडीत परतला तेव्हा रत्नागिरीतलं एक जुनं खेळांचं दुकान बंद होतंय असं त्याच्या कानावर आलं. टेम्पो घेऊन गेला. मथुराला, म्हणजे त्याच्या बायकोला, वाटलं नवरा कपाट आणतोय. आलं ते काचेचं टेबल. काचेखाली पडदा, पडद्यावर वरच्या अंगाला रंगीत विटांची भिंत, तळाशी बोटभर फळी आणि मध्ये उड्या मारणारा चेंडू.

खेळ सोपा. गोल बटण फिरवलं की फळी डावीउजवीकडे सरकते. चेंडू फळीवर आपटून वर जातो, एक वीट फोडतो, परत खाली येतो. फळी चुकली की चेंडू गेला. तीन चेंडू गेले की खेळ खलास. वाडीत घरं सगळी जांभ्या दगडाच्या चिऱ्यांची, त्यामुळे पडद्यावरच्या विटांनाही सगळे चिरेच म्हणू लागले आणि खेळाचं नाव पडलं चिरेफोड.

यंत्र सगळ्यात मोठा आकडा लक्षात ठेवायचं आणि त्याच्यापुढे खेळणाऱ्याच्या नावाची तीन इंग्रजी अक्षरं दाखवायचं. पण वीज गेली की सगळं विसरायचं. म्हणून दादूने त्याला इन्व्हर्टर लावला. मथुराच्या फ्रिजमधले बांगडे वासले तरी चालतील, पण पडवीतला अकरा हजार दोनशे चाळीस हा आकडा आणि त्याच्यापुढचं डी डी यू पुसलं जाता कामा नये, असा त्या घराचा कायदा होता.

गेल्या मे महिन्यात एका दुपारी दादू तो आकडा मागे टाकण्याच्या बेतात होता. भिंतीतला शेवटचा एक चिरा उरला होता. चेंडू खाली येत होता, फळी बरोबर जागेवर होती, आणि त्याच क्षणी महिपतच्या हद्दीतल्या बरक्या फणसाने आपलं दहा किलोचं फळ दादूच्या पडवीच्या पत्र्यावर सोडलं. दादू दचकला, हात हलला, चेंडू गेला.

"तुझ्या फणसाने माझा डाव मोडलान!" दादू मागीलदारी येऊन ओरडला.

"मग फणसाला जाऊन सांग," महिपत म्हणाला. तो चाळीस वर्षं गवंडी होता. बोलायचा कमी, आणि बोलला की नेमकं झोंबेल तिथे बोलायचा. "साठी उलटली तुझी, आणि चेंडू खेळतोस."

बास. पुढे आजोबांच्या वाटण्या निघाल्या, कुणाच्या लग्नात कुणाला पंगतीत मागे बसवलं ते निघालं. पाऊस संपून चिरेखाणी सुरू झाल्या आणि दादूने दोन घरांच्या मागच्या परड्यांच्या मध्ये गडगा घालायला काढला. नेहमीचा कमरेएवढा नव्हे. पलीकडचा माणूस दिसूच नये एवढा.

आता खरी गंमत ऐका. दादूने आणलेला गवंडी होता कच्चा. पहिल्या दिवशीच थर वाकडा गेला. महिपत आपल्या मागच्या पायरीवर सुपारी कातरत ते बघत होता. दुसऱ्या दिवशी त्याने सुपारी खाली ठेवली. तिसऱ्या दिवशी उठला, आतून ओळंबा आणि दोरी घेऊन आला, वाकडं होतं तेवढं सगळं पायापर्यंत उतरवलं आणि स्वतः बांधायला बसला.

"अहो, हे काय करताय?" सावित्रीने कपाळावर हात मारला. "तो तुमच्या तोंडावर भिंत घालतोय, आणि तुम्हीच बांधताय?"

"भांडण त्याचं नि माझं. चिऱ्याने काय केलंय? वाकडं मला बघवत न्हाय."

आठ दिवसांत गडगा उभा राहिला. वरून पाणी मुरू नये म्हणून महिपतने या टोकापासून त्या टोकापर्यंत सळया घालून सिमेंटचा पट्टाही ओतला. तालुक्यातला सगळ्यात चांगला गवंडी फुकटात मिळाला म्हणून दादूही गप्प राहिला. दोघे भाऊ आठ दिवस एकाच भिंतीपाशी होते आणि एकमेकांशी एक अक्षर बोलले नाहीत.

सावित्रीचं आणि मथुराचं काय, हे कुणी विचारलं नाही. दोघी मंडणगड तालुक्यातल्या एकाच वाडीतल्या. सहा महिन्यांच्या अंतराने सुना होऊन या दोन घरांत आल्या, आणि गेली अडतीस वर्षं दुपारी तीनचा चहा मथुराच्या मागच्या पायरीवर दोघींनी मिळून प्यायला. मागच्या दारापासून मागच्या दारापर्यंत तीस पावलांची पायवाट. सावित्रीचं एक मूल जन्मतःच गेलं तेव्हा मथुरा त्याच वाटेने पेज घेऊन आली होती. आता जायचं तर पायऱ्यांची घाटी उतरून रस्त्याला लागायचं, देवळाला वळसा घालायचा आणि पलीकडच्या बेचाळीस पायऱ्या चढायच्या. मथुराचा गुडघा गेलेला, ती येऊच शकत नव्हती. सावित्री आठवड्यातून एकदा धापा टाकत जायची. तीन वाजले की तिला घर खायला उठायचं.

दादूवर राग होताच. पण जास्त राग नवऱ्यावर. त्या गवंड्याची भिंत पहिल्या पावसात आपोआप पडली असती, यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या टिकेल अशी बांधून दिली. सावित्री भांडली नाही. तिने फक्त महिपतच्या चहातली साखर बंद केली. दोन चमचे साखर लागणारा माणूस. पहिल्या घोटाला त्याने कपात बघितलं, मग तिच्याकडे बघितलं आणि मुकाट प्यायला. त्यानंतर चार महिने तसाच पीत राहिला. वाडीत बातमी पसरली की महिपतला मधुमेह झाला. शेजारच्या यमुनाबाईंनी तर कारल्याचा रस करून पाठवला. तोही सावित्रीने त्याला पाजला.

माघ संपत आला तेव्हा एका रविवारी ती बेचाळीस पायऱ्या चढून गेली, तर दादू पडवीत चारचौघांना फणसाची गोष्ट सांगत होता. शंभराव्यांदा.

"एक चिरा हो, एकच चिरा! तो फणस पडला नसता तर..."

"भावोजी," सावित्री पदराने घाम पुसत म्हणाली, "फणस पडला मे महिन्यात. आता झाडावर फणस न्हाय, मध्ये गडगाही झाला. मग इतक्या महिन्यांत आकडा मोडलात का न्हाय?"

पडवीत कुणीतरी खोकून हसू दाबलं. दादूचे कान लाल झाले.

"वयनी, बोलणं सोपं हाय. तुमी फोडून दाखवा."

"दाखवीन. तुमच्या आकड्याच्या पुढे गेले तर गडग्यातला एक चिरा माझा. मी दाखवीन तो, तुमी काढून द्यायचा."

तिच्या डोक्यात एवढंच होतं की एका चिऱ्याच्या भोकातून निदान मथुराचं तोंड दिसेल. कपबशी आरपार जाईल.

"आणि हरलात तर?" दादू पुढे सरकला. "हरलात तर तो फणस तोडायचा. मुळासकट."

तो फणस महिपतच्या आईने लावलेला. पण पडवी बघत होती, दारात मथुरा उभी होती, आणि माघार घ्यायची सवय सावित्रीला माहेरापासूनच नव्हती.

"कबूल. शिमग्याच्या आधीच्या रविवारी," ती म्हणाली आणि चहासुद्धा न घेता घाटी उतरली.

साठीच्या बाईने परक्याच्या झाडावर नव्हे, सासूच्या झाडावर पैज लावली होती, आणि तो खेळ तिने कधी हातात धरला नव्हता. तिने चिपळूणला दिलेल्या लेकीला, दिशाला, फोन केला. दिशा आधी पाच मिनिटं हसली, मग फोनवरूनच सांगत सांगत तिने आईच्या मोबाइलमध्ये तसलाच एक खेळ उतरवून दिला.

संध्याकाळपर्यंत पैजेची बातमी महिपतपर्यंत पोचली. सावित्री मोठ्या भांडणाची तयारी करून बसली होती. तो आला, हातपाय धुतले, बिनसाखरेचा चहा प्यायला आणि तिच्या शेजारी बसून मोबाइलमध्ये बघू लागला. सावित्रीचा चेंडू वाटेल तिथे आपटत होता. एक चिरा इकडचा, एक तिकडचा. भिंत चाळणीसारखी झाली तरी पडेना, आणि तिन्ही चेंडू गेले.

"ही भिंत बांधली कुणी?" महिपत म्हणाला.

"मला काय ठाऊक?"

"ह्यात सांधमोडच न्हाय." त्याने जाड बोट पडद्यावर टेकवलं. "आपण खालच्या दोन चिऱ्यांच्या सांध्यावर वरचा चिरा मधोमध बसवतो. म्हणजे सांधा मोडतो, भिंत एकजीव होते. इथं बघ, सांध्यावर सांधा, सांध्यावर सांधा, खालपासून वरपर्यंत सरळ रेघ. अशी भिंत कुणी बांधली म्हणजे फोडायलाच ठेवली समज."

"मग मी काय करू?"

"सगळीकडे हाणू नको. कडेची एकच रांग धर. ती खालून वर मोकळी कर. एकदा चेंडू भिंतीच्या वर पोचला की तो वरच आपटत राहील. तुला हलायलाही नको, भिंत तो पाडेल."

एवढं सलग तो गेल्या चार महिन्यांत बोलला नव्हता. सावित्रीने करून बघितलं. पहिल्या दिवशी जमलं नाही, दुसऱ्या दिवशी जमलं नाही. तिसऱ्या दिवशी महिपतने पुन्हा शेजारी बसून एक गोष्ट हेरली. फळीच्या मधोमध घेतला की चेंडू सरळ उभा जातो, काठावर घेतला की तिरका पळतो. म्हणजे नेम वर बघून नाही, फळी कुठे धरली त्यावर ठरतो. त्यानंतर दोघं रोज तीन वाजता बसू लागली. एकदा चेंडू त्या चिंचोळ्या फटीतून वर गेला आणि पडद्याच्या माथ्यावर खडखड करत चिरे खाऊ लागला, तेव्हा सावित्रीने आनंदाने नवऱ्याच्या दंडावर थाप मारली. मग आपण याच्यावर रागावलोय हे आठवून हात मागे घेतला. चहात साखर पडली नाही ती नाहीच.

ठरल्या रविवारी दादूच्या पडवीत पाय ठेवायला जागा नव्हती. यमुनाबाईंना आकडे वाचायला बसवलं होतं, कारण त्या अंगणवाडीत शिकवायच्या आणि खोटं बोलत नसत. महिपत आला नव्हता. दादूच्या उंबऱ्याला पाय लावणार नाही असं त्याने मे महिन्यातच जाहीर केलं होतं.

सावित्री खुर्चीवर बसली. मोबाइलवर बोट सरकवायची सवय, आणि इथे गोल बटण. पहिला चेंडू आला, तिने बटण गर्रकन फिरवलं, फळी थेट दुसऱ्या टोकाला जाऊन आदळली. चेंडू गेला. एक चिरासुद्धा न फुटता.

"अरेरे," दादू अगदी मनापासून वाईट वाटल्यासारखं म्हणाला. "कुऱ्हाडीला धार लावून ठेवतो हां."

सावित्रीच्या डोळ्यांसमोर सासूबाई आल्या. तिने तळवा लुगड्याला पुसला. दुसरा चेंडू सोडला आणि बटण जुन्या रेडिओचा काटा फिरवावा तसं हलकेच फिरवलं. फळी ऐकू लागली. उजव्या कडेचा एक चिरा. पुन्हा मधोमध, सरळ वर, त्याच्यावरचा चिरा. दादूला शिंक आली. शिंक खोटी होती हे पडवीभर कळलं. मथुरा आतून म्हणाली, "अहो, सर्दी झालीय तर आत येऊन झोपा."

आणखी एक चिरा, मग आणखी एक. कडेला बोटभर वाट मोकळी झाली. चेंडू खाली आला, सावित्रीने फळीचा काठ पुढे केला, आणि तो तिरका होऊन त्या वाटेने वर निघून गेला. तो खाली आलाच नाही. भिंतीच्या वर सापडला आणि इकडून तिकडे आपटत चिरेच्या चिरे फोडत सुटला. सावित्रीने बटणावरचा हात काढला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"मथुरा, चहा टाक गो," ती म्हणाली.

"हात लावा! यंत्राला हात तरी लावा!" दादूला ते बघवेना. "हा काय खेळ झाला?"

"मी लावलेला हात पुरे झाला भावोजी. आता तो त्याचं काम करतोय."

चेंडू परत खाली आला तेव्हा अर्धी भिंत गेली होती. ती संपली, दुसरी आली, तिचीही तीच गत. पुढे चेंडू इतका वेगाने पळू लागला की सावित्रीला दिसेना, आणि दुसराही गेला. तिसरा चेंडू तिने पुन्हा हलक्या हाताने सोडला. यमुनाबाई शाळेतल्या पाढ्यांच्या सुरात आकडे म्हणत होत्या. दहा हजार नऊशे. अकरा हजार शंभर. अकरा हजार दोनशे वीस. मग त्या थांबल्या, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "अकरा हजार दोनशे साठ."

पडवीत जो गलका झाला त्यात चेंडू कधी गेला ते कुणालाच कळलं नाही. यंत्राने तीन अक्षरं विचारली. सावित्रीने क्षणभर विचार केला. स्वतःचं नाव घातलं तर भावोजी आजच इन्व्हर्टरची वायर काढतील. तिने यमुनाबाईंना विचारून एकेक अक्षर फिरवलं: एम, टी, एच. दादूच्या डोक्यावर त्याच्याच बायकोचं नाव चढून बसलं. आता वायर काढायची कुणाची छाती होती?

"चिरा," सावित्री उठत म्हणाली.

सगळा लोंढा मागच्या परड्यात गेला. दादूने मुकाट पहार उचलली. "एकच ठरलाय हां, वयनी. एकच."

सावित्री जुन्या पायवाटेच्या जागी जाऊन उभी राहिली. गडगा झाल्यापासून तिने त्याच्याकडे धड बघितलंच नव्हतं, रागाने मान फिरवायची. आज इतके दिवस सांधे बघून बघून डोळे तयार झाले होते. डावीकडे सांधा मोडलेला. उजवीकडे सांधा मोडलेला. आणि बरोबर तिच्यासमोर, दोन चिरे रुंदीच्या दोन्ही बाजूंना, जमिनीपासून वरच्या सिमेंटच्या पट्ट्यापर्यंत सरळ उभी रेघ. सांध्यावर सांधा, सांध्यावर सांधा.

चाळीस वर्षांच्या गवंड्याची अशी चूक होत नाही. तिने पट्ट्याखालच्या पहिल्या चिऱ्यावर हात ठेवला. "हा," ती म्हणाली.

दादूने पहार उगारली. गडग्यापलीकडून आवाज आला, "पहार नको."

महिपत पलीकडे उभा होता. बहुतेक सकाळपासून. चिरा आपोआप हलला, बोटभर पुढे आला, मग वीतभर, आणि दादूने धावत जाऊन तो हातात झेलला. भोकातून महिपतचं तोंड दिसलं. दोघे भाऊ दहा महिन्यांनी एकमेकांच्या तोंडाकडे बघत होते.

तेवढ्यात मथुरा लंगडत पुढे आली आणि तिने शेजारचा दुसरा चिरा ओढला.

"अगो, एकच ठरला होता!" दादू ओरडला.

"तो तिच्याशी. मी कुठं पैज लावली होती?" मथुरा म्हणाली आणि चिरा त्याच्या हातातल्या चिऱ्यावर ठेवला.

दादूने दोन्ही चिरे खाली ठेवले. मान उंचावून भोकाची कड बघितली, सरळ रेघेवरून बोट फिरवत खालपर्यंत आणलं. आत सिमेंटचा मसाला नव्हता, फक्त बाहेरून सांधे भरलेले होते. अशा सरळ रांगा तो तीस वर्षं पडद्यावर बघत आला होता. त्याला सांगावं लागलं नाही.

"वरचा पट्टा पाण्यासाठी नव्हे," तो हळूच म्हणाला. "दाराचा माथा हाय तो. कधी केलंस हे?"

"पहिल्या थरापासून," महिपत म्हणाला.

"आणि मला सांगितलं न्हाय?" सावित्री भोकाशी तोंड नेऊन म्हणाली. डोळे वाहत होते आणि रागही आला होता. "चार महिने मी..."

"तुला सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी काढायला लावलं असतंस. पहिला चिरा ह्याच्या बाजूने, ह्याच्याच हातात निघायला हवा होता."

दादू खाली बसला आणि तिसरा चिरा ओढू लागला. पलीकडून महिपत ढकलू लागला. अठरा चिरे काढायला त्या दोघांना चहा उकळण्याएवढाही वेळ लागला नाही.

चहा सावित्रीने केला. ती त्या मोकळ्या वाटेने तीस पावलं चालत आपल्या स्वयंपाकघरात गेली, चार कप घेऊन तीस पावलं परत आली आणि मथुराच्या मागच्या पायरीवर बसली. महिपतने पहिला घोट घेतला. थांबला. कपात बघितलं, मग तिच्याकडे बघितलं.

"फार गोड झालाय," तो म्हणाला.

"चार महिन्यांचा एकदम घातलाय," सावित्री म्हणाली. "मुकाट प्या."